मुसळ्यांच्या घरच्या सहा नळ्या

"वाचा की सिस्टर. मोठ्यानं वाचा, सगळ्यांच्या कानावर जाऊ दे."

आप्पा मुसळ्यांनी कागद माझ्या हातात ठेवला आणि मांडी घालून सरळ बसले. शनिवारची सकाळ होती, दहा वाजले असतील. इचलकरंजीत त्यांच्या घराच्या वरच्या सोप्यात सतरंजी अंथरली होती. एका अंगाला आप्पा, त्यांचा धाकटा मुलगा उमाकांत आणि गल्लीतले दोन वजनदार म्हातारे. समोर एकटे दत्तोबा, म्हणजे धाकट्या सुनेचे, राजश्रीचे वडील. रेंदाळहून पहिल्या गाडीनं आले होते आणि टोपी काढून मांडीवर घेऊन बसले होते. खाली माग चालू होते, त्यामुळे सगळ्यांना जरा ओरडूनच बोलावं लागत होतं.

बैठक होती ती. राजश्रीला घरात ठेवायचं की पोरीसकट माहेरी धाडून मोकळं व्हायचं, हे ठरायचं होतं. आणि ठरवायचं होतं ते मी महिन्यापूर्वी आणून दिलेल्या कागदावरून.

मला सगळे सिस्टर म्हणायचे, पण मी नर्स नव्हते. दवाखान्यातल्या हेरेकर सरांनी एक पाहणी काढली होती, तिच्यात घरोघर फिरून लोकांची थुंकी गोळा करायचं माझं काम. हसू नका. पोट त्याच्यावर चालायचं. राजश्रीची मुलगी गार्गी जन्मापासून बहिरी होती, आणि ती बहिरी आहे हे घरात सात महिने कुणाला कळलंच नव्हतं. मागाच्या खडखडाटात पोर गाढ झोपायची, आणि सगळे कौतुक करायचे, किती शहाणी पोर आहे म्हणून. त्या गल्लीत सगळीच पोरं मागाच्या आवाजात झोपतात, मग शंका तरी कुणाला यावी? शेवटी दिवाळीत कानाशी फटाका वाजला आणि पोरगी हसत राहिली, तेव्हा राजश्रीनं तिला उचलून दवाखाना गाठला.

तिथं कळलं की आईच्या पोटात असतानाच तिला सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूनं धरलं होतं. नाव ऐकून घाबरायला होतं, पण हा विषाणू तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून असतो. थुंकीतून येतो, मुतातून येतो, आईच्या दुधातून येतो, आणि आयुष्यभर गप्प पडून राहतो. बाईला दिवस गेलेले असताना तो जागा झाला, किंवा त्याचा एखादा नवा प्रकार बाहेरून अंगात शिरला, तर कधी कधी बाळाच्या कानावर येतं. प्रकार त्याचे ढीगभर. कुठला प्रकार घरात कुणाकडून कुणाकडे जातो, एवढंच सरांना शोधायचं होतं. बत्तीस घरं आम्ही घेतली होती, त्यातलं हे एक.

मी कागद वाचला. इंग्रजीत होता, वाचता वाचता मराठी करत गेले. घरातल्या सहाही माणसांच्या थुंकीत विषाणूचा एकच प्रकार सापडला आहे. बाळाचा नमुना दवाखान्यातच घेतला होता, त्यातही तोच आहे. आईकडून तो बाळाला गेला आहे.

"म्हंजे घरात आणला कुणी?" आप्पांनी विचारलं.

"ते ह्यात लिहिलेलं नाही, आप्पा."

"ल्ह्यायला कशाला पायजे?" उमाकांत म्हणाला. त्यानं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. कॅफेत बसून संगणकावरून छापून आणला होता. "हे बघा. संबंधातनं पण पसरतो म्हणून स्पष्ट लिवलंय. आमच्या घरात चार पिढ्यांत कोण बहिरं न्हाई. ही आली आणि सहाजणांना एकच लागला. लग्नाच्या आधी कॉलेजला कोल्हापूरला होती ही. आता काय समजायचं ते समजा."

दत्तोबांनी मान खाली घातली. नवऱ्यानं, चार माणसांत, सासऱ्यासमोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "उमाकांत, असल्या गोष्टी त्या कागदावरून निघत नाहीत," मी म्हणाले, पण माझं कोण ऐकतंय? म्हातारे एकमेकांकडे बघून माना हलवत होते.

आणि दत्तोबांनी हात जोडून एवढंच विचारलं, "ते असूं दे पावणं. पोरीच्या कानाच्या यंत्राचं काय ठरलं?"

खरी अडचण ती होती. दवाखान्याकडून यंत्र फुकट मिळत होतं. कानाच्या डॉक्टरीणबाई मला प्रत्येक वेळी बजावत होत्या, की पोर अकरा महिन्यांची झाली, जेवढ्या लवकर कानाला लावाल तेवढं तिला बोलणं येईल, एकेक महिना हातचा जातोय. मी चार महिने मुसळ्यांना सांगत होते. होकार काही मिळत नव्हता. यंत्र लावलं की गल्लीला दिसणार, म्हणून आधी कुणामुळं झालं ते ठरू दे, हेच त्यांचं पालुपद.

"ह्याच्यावरच बसलोय की दत्तोबा," आप्पा म्हणाले. "तुमच्या पोरीकडनं आलं असंल, तर यंत्रबिंत्र तुमच्या दारात बसवा. आमच्या नको."

मी हातातल्या कागदाकडे परत बघितलं. दवाखान्यात वाचला तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. सर तर खूश होते, सगळ्यांचा एकच प्रकार निघालेलं असं स्वच्छ घर बत्तिसात एक मिळालं म्हणून. पण आता ती सहा माणसं डोळ्यांसमोर होती. आप्पांचा जन्म सोलापुरातला, त्यांची बायको अक्का हुपरीच्या, उमाकांत इथला, राजश्री रेंदाळची, थोरली सून वनिता निपाणीची आणि तिची चिऊ तीन वर्षांची. बाकीच्या एकतीस घरांत दोन-तीन प्रकार सापडले होते, एकेका माणसात दोन-दोन. आणि ह्याच घरात सगळ्यांना तंतोतंत एकच? कसं शक्य आहे?

"पाणी पिऊन येते," म्हणून मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

वनिता चपात्या लाटत होती. तिचा नवरा सुरतेला मागावर होता, घरात ती आणि चिऊच. राजश्री खांद्यावर गार्गीला घेऊन कोपऱ्यात उभी होती. सासूबाई, म्हणजे इंदूअक्का, दाराआड बसून बाहेरचं सगळं ऐकत होत्या.

"राजश्री," मी हळूच विचारलं, "मी नळ्या देऊन गेले होते, त्या दिवशी सकाळी थुंकी कशी काय घेतली सगळ्यांची?"

राजश्रीनं सासूकडे बघितलं.

"सांग की," मी म्हणाले.

"सहाच्या सहा तिनंच भरल्या," वनिता पोळपाटावरून नजर न उचलता म्हणाली.

"वने!" अक्का कडाडल्या.

"खरं ते सांगितलं अत्ती. मघाधरनं ऐकालोय आम्ही, कुठवर गप बसायचं?"

"अक्का, हे खरं आहे?"

"आता त्यात एवढं डोळं मोठं कशाला करतीस बाई?" अक्का म्हणाल्या. "तू सांगून गेलीस, तोंड धुवायच्या आधी भरा. हे त्या वेळंला पूजेत. त्यांच्या म्होरं पलास्टिकची नळी धरून थुंका म्हणून कोण सांगणार? तू सांगशील? उमा झोपलेला. चिऊ मेली थुंकायच्या ऐवजी गिळायची. मला तर सकाळी तोंडाला कोरड. ही मोकळी होती, म्हटलं भरून टाक सगळ्या. थुंकीला काय नाव असतंय व्हय?"

"अहो, नाव असतं म्हणूनच तर घेतली! प्रत्येक नळीवर नाव लिहून दिलं होतं मी!"

"ते मला काय ठाऊक."

"बरं, तेव्हा ठाऊक नव्हतं. आज? बाहेर तुमचा मुलगा तिच्या चारित्र्यावर बोलतोय. सहाही नळ्या तिच्याच, मग सहांत तिचाच विषाणू निघणार, दुसरं काय निघणार? आणि तुम्ही इथं दाराआड बसून ऐकताय?"

अक्कांचा आवाज एकदम उतरला. "आता भाईर सांगितलं तर हे मला उभी चिरतील, बाई. माणसं बसल्यात."

"आणि तू गं?" मी राजश्रीवर उसळले. "तुला तोंड नाही?"

"ह्यांना सांगितलंवतं," राजश्री म्हणाली. "रिपोर्ट आला त्याच दिवशी. म्हणाले, आता आईवर ढकलतीस होय? परत ह्यातला शब्द काढलास तर बघ."

म्हणजे उमाकांतला माहीत होतं! बाहेर बसून तो संगणकाचा कागद फडकवत होता, आणि त्याला सगळं माहीत होतं. मी तिथल्या तिथे त्याच्या नावानं जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वनितानं लाटणं खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

पण बाहेर जायला निघाले आणि पाय अडखळले. प्रत्येक नळीबरोबर एक फॉर्म असायचा आणि त्याच्या तळाला ओळ होती, 'नमुना माझ्यासमोर घेतला'. त्याखाली सही माझी. सहाही फॉर्मांवर. त्या दिवशी सकाळी मी साडेआठला आले होते, खिडकीत ओळीनं ठेवलेल्या नळ्या पिशवीत टाकल्या होत्या आणि पुढच्या घरी गेले होते. एका सकाळी चार घरं, कुठं कुठं समोर बसणार? आम्ही सगळ्याजणी तसंच करायचो. पण पकडली गेले असते ती मीच. त्या पगारावर माझं घर चालत होतं.

तरी बाहेर आले आणि उभ्यानंच सांगितलं.

"आप्पा, हा रिपोर्ट चुकीचा आहे. सहाही नळ्यांत थुंकी राजश्रीची आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाची नाही. मी न बघता सह्या केल्या. चूक माझी आहे."

उमाकांत एकदम उठला. "कोण सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हालाही कुणीतरी सांगितलंच होतं की!" मी म्हणाले. "महिन्यापूर्वी! तेव्हा दडवून ठेवलंत, आणि आज सासऱ्यांसमोर बायकोची अब्रू काढता? लाज नाही वाटत?"

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, मुलावर चिडतील. बायकोवर चिडतील. निदान शरमतील तरी. आप्पा काय म्हणाले असतील?

"म्हंजे माझ्या नावाच्या नळीत हिची थुंकी? माझ्या नावावर हिचं उष्टं दवाखान्यात गेलं?"

त्यांना लागलं होतं ते हे! सून घराबाहेर निघत होती त्याचं काही नाही, बाटलं ते आप्पांचं नाव. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. गल्लीतला एक म्हातारा मात्र खाकरून म्हणाला, "आप्पा, ते ऱ्हाऊ द्या. कागद खोटा निघाला. मग आता निवाडा कशावर करायचा?"

"मी करून देते," मी म्हणाले. माझ्या पिशवीत कोऱ्या नळ्या होत्या. मी बाहेर काढल्या, एकेकावर नाव घातलं आणि सतरंजीवर मांडल्या. "आत्ता भरायच्या. माझ्यासमोर. ह्या माणसांसमोर. ज्याला आपल्या खानदानाची एवढी खात्री आहे, त्यानं आधी थुंकावं."

आप्पा तयार होईनात. पूजा झाली, चहा झाला, असल्या सबबी. दत्तोबा मग पहिल्यांदा आवाज चढवून बोलले, "माझ्या लेकीनं सहा जणांची थुंकी एकटीनं काढली पावणं, तुम्हाला एकट्याची जड जातीय?"

ह्यावर गल्लीतल्या म्हाताऱ्यांपुढे आप्पांना माघार घेता येईना. सदऱ्याची बाही सावरून, भिंतीकडे तोंड करून, इचलकरंजीतले नामांकित आप्पा मुसळे नळीत थुंकले. मग उमाकांत. मग अक्कांना बाहेर बोलावलं, पदरात तोंड लपवून त्या थुंकल्या. वनिता थुंकली. चिऊच्या तोंडात मी कापसाची काडी फिरवली, ती खिदळत होती. शेवटी राजश्री. सहा नळ्या ओळीनं ताटात ठेवल्या आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. नोकरी जाणार हे दिसत होतं, आणि पंधरवड्यात ती गेलीच. पण ही पोरगी सुटणार होती. आप्पांचा निघू दे, अक्कांचा निघू दे, नाहीतर त्या उमाकांतचाच निघू दे, मी मनात म्हणत होते. मग बघते एकेकाची तोंडं.

"निकाल कधी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"महिना, दीड महिना."

"ठीक," आप्पा म्हणाले. "तवर सून माहेरी राहील. निकाल बघून काय ते ठरवू."

"आणि गार्गीचं यंत्र?" राजश्रीनं विचारलं. बैठकीत ती पहिल्यांदा बोलत होती.

"निकाल लागू दे म्हटलं न्हवं? मग बघू."

राजश्रीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "दीड महिनाच आहे गं. जरा धीर धर. निर्दोष सुटशील."

तिनं गार्गीला दत्तोबांच्या मांडीवर ठेवलं. ताट उचललं. मला वाटलं, उन्हातून सावलीत ठेवतेय. ती सरळ मोरीकडे गेली, एकेका नळीचं बूच काढलं आणि सहाही नळ्या मोरीत ओतल्या. वरून तांब्याभर पाणी ओतलं.

"अगं ए!" मी ओरडले. "काय केलंस हे?"

"थुंकीच होती," ती म्हणाली. "गेली."

सगळे उठून उभे राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला सगळ्यात जास्त राग आला तो तिचा. तिच्यासाठी मी माझी भाकरी पणाला लावली होती, आणि हिनं मोरीत ओतली! दत्तोबा रडवेले झाले. "पोरी, सुटली असतीस की गं तू."

"आणि न्हाई सुटले तर?" राजश्री वडिलांकडे वळली. "परत माझाच निघाला तर, दादा? काढायचं मला? माझ्या अंगातला माझ्या पोरीला गेला, तर तो काय मी बोलावून घेतलावता? आणि माझा न्हाई निघाला, तर चिऊचा निघंल. तिच्या ताटातलं राहिलेलं रोज मी खाते. पोटुशी होते तवापण मीच खात होते. ह्या घरात अन्न टाकायचं न्हाई, हा अत्तींचा नियम. मग काय कराल? वैनींना पाठवाल निपाणीला? का त्या तीन वर्षांच्या पोरीला बसवाल असं मधी, नि चार माणसं बोलवाल?"

स्वयंपाकघराच्या दारात वनितानं चिऊला जवळ ओढलं.

"चार महिनं झालं," राजश्री म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला. "कुणाचा, कुणाचा, कुणाचा! सगळ्यांना तेच पायजे. आप्पांना, ह्यांना, दवाखान्यातल्या सरांना. सिस्टर, तुम्हालापण! माझी पोर अकरा महिन्यांत एकदा पण 'आई' ऐकली न्हाई, त्याचं कुणाला पडलंय? आता कुणाचा ते कधीच कळणार न्हाई. बसा."

ती गार्गीला उचलून जिना उतरायला लागली. उमाकांत जागचा हलला नाही. दत्तोबा टोपी चाचपत तिच्यामागे गेले, आणि मीही गेले. कानात तिचं 'तुम्हालापण' वाजत होतं. खरंच होतं ते. निकाल कुणाच्या नावावर निघतो हे बघायला मी पण त्यांच्याइतकीच टपून बसले होते.

खाली मागांच्या आवाजात ती थांबली आणि ओरडून विचारलं, "त्या यंत्राच्या कागदावर ह्यांचीच सही लागती न्हवं? हे न्हाई देणार आता."

"पालकाची लागते."

"म्हंजे?"

"म्हणजे... आईची चालते."

"एकटीची?"

"हो. एकटीची."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कधीपासनं?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले.

चार महिने मी त्या घरी येत-जात होते. दर खेपेला आप्पांना विचारायचे, उमाकांतला विचारायचे, होकार द्या म्हणून हात जोडायचे. तिला कधी विचारलंच नव्हतं. फॉर्म पिशवीत घेऊन मी तिच्या हातचा चहा पिऊन निघून जायचे.

तिनं मला शिवी द्यायला हवी होती. दिली नाही. पोर दत्तोबांच्या कडेवर दिली, माझ्याकडून फॉर्म आणि पेन घेतलं, कागद भिंतीला लावला आणि सही केली.

"चला," ती म्हणाली. "शनिवारी दवाखाना एकला बंद होतो."